जनकामायचा कावया

रेवतीने फोनवर मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा: जनकामायच्या गोष्टीत चिमणी शेवटी दार उघडते का?

मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, आत्या, नीट आठवून सांग, माझा सगळा सिनेमा त्यावर उभा आहे.

रेवती माझ्या धाकट्या भावाची, रमाकांतची मुलगी. पुण्यात इतरांच्या सिनेमांचं संकलन करत होती आणि आता चार मित्रांना घेऊन स्वतःचा पहिला सिनेमा करायला निघाली होती. रमाकांतला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्याने तिला लहानपणी सांगितलेल्या गोष्टींपैकी एकच तिला पुरती लक्षात राहिली होती, आणि ती प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते तीच, चिमणी-कावळ्याची. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, चिमणीचं मेणाचं घर टिकतं, कावळा येऊन दार वाजवतो, आणि चिमणी आतून त्याला थांब, थांब म्हणत राहते.

रेवतीच्या सिनेमात पक्षी नव्हते. गावाबाहेर एकटी राहणारी एक बाई होती आणि घर पडलेला एक माणूस होता. तो रात्रभर दार वाजवतो, ती आतून शांतपणे उत्तरं देते, आणि उजाडतं तेव्हा तो दाराला टेकून बसलेला असतो, गेलेला. दार शेवटपर्यंत उघडत नाही. पडद्यावरची माणसं एक शब्द बोलत नाहीत, त्यांची बोलणीही गोष्टीतच येतात; फक्त एक म्हातारी बाई ही गोष्ट एखाद्या मुलाला सांगावी तशी सांगत राहते. सिनेमाचं नाव ‘शेणाचं घर’.

“बाबा नेहमी म्हणायचे,” रेवती म्हणाली, “आमच्या जनकामायच्या गोष्टीत दार उघडतच नव्हतं. कावळा बाहेरच राहायचा. हे ऐकल्यावर मला कितीतरी रात्री झोप आली नव्हती. मला तोच आवाज हवाय, जनकामायचा. तू विचारशील का त्यांना?”

मी विचारायचं कबूल केलं.

जनकामाय म्हणजे धाडच्या जनकाबाई. माझे वडील धाडला पोस्टमास्तर होते तेव्हा आम्ही त्यांच्या घरातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. मी सात वर्षांची आणि रमाकांत पाचाचा. जनकामाय तेव्हा जेमतेम विशीतली असेल, पण सगळ्या आळीतली पोरं तिला मायच म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. आमच्या घरी ‘कावळा’ होता, तिच्याकडे ‘कावया’. आम्ही तिच्या ओसरीवर गेलो की आमचाही कावया व्हायचा आणि आई जेवायला वाढताना तो पुन्हा कावळा करून घ्यायची.

जेवणं झाली की जनकामाय बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसायची. तिच्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधलेली असायची आणि झोळीत तिचा इंद्रभान. हात शेंगांवर, पाय झोळीला, तोंड गोष्टीला. ओसरीच्या कोपऱ्यात वाळलेल्या मिरचीचं पोतं असे, त्याने नाक चुरचुरायचं. अजूनही बाजारात मिरचीच्या ढिगाजवळून जाताना मला कंदिलाच्या उजेडातले तिचे हात दिसतात.

तिच्या गोष्टीचा एक नियम होता. ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला हूं म्हणायचं. कोणीही म्हणून चालत नसे, ते काम एकाला नेमून दिलेलं असायचं, आणि आमच्या काळात ते रमाकांतचं होतं. तो पोथी वाचल्यासारखा मांडी घालून बसायचा आणि पोटातून जोर काढून हूं म्हणायचा. हूं आला नाही की गोष्ट तिथेच थांबे. मी काहीतरी विचारलं तर जनकामाय माझ्याकडे न बघता म्हणायची, “तू गप बस व. तुह्या हूंवर गोष्ट नाही चालत.” रमाकांतला या अधिकाराचा फार गर्व होता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवरही तो मला ऐकवायचा की तुझ्यामुळे गोष्ट चालत नाही.

पुढे वडिलांची बदली झाली. मी विज्ञान शिकले, चिखलीच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं, निवृत्त झाले. धाड इतकं जवळ असून वर्षातून एकदोनदाच जाणं व्हायचं. रमाकांत पुण्याला गेला तो गेलाच. तरी जनकामाय दर वेळी आधी त्याचं विचारायची. तो वारल्याचं मीच तिला जाऊन सांगितलं होतं.

रेवतीचं काम सांगितल्यावर तिने फार चौकशी केली नाही. रमाकांतच्या पोरीला आवाज पाहिजे तर देऊ, असं म्हणाली. इंद्रभानने, जो आता स्वतः आजोबा झाला आहे, शेताच्या कडेचं मोकळं घर चित्रीकरणाला दिलं. पाऊसही त्याचाच होता. हरभऱ्याला पाणी द्यायचा तुषार संच त्याने घराभोवती उभा केला. त्यामुळे पाऊस विजेवर चालायचा. शेतीची लाइन आली की इंद्रभान ओरडायचा, “लाइन आली, पाऊस आला,” आणि पुण्याची सगळी पोरं हातातला चहा टाकून पळायची. जानेवारीचा महिना होता. कावळ्याचं काम करणारा बुलढाण्याचा नट, शेखर नावाचा, अंगावर एक सदरा घालून त्या पाण्यात उभा राहायचा. थरथर कापण्याचा अभिनय त्याला करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जनकामाय बघायला आली. बाजेवर बसली, पदर कानावरून घेतला आणि बराच वेळ त्या माणसाकडे बघत राहिली. मग तिने मला विचारलं, हे दार कवा उघडते. मी रेवतीकडे पाहिलं. रेवतीने तिच्याजवळ बसून, काही न लपवता, आख्खा सिनेमा सांगितला. मला ते आवडलं. मी आवाजाचं विचारायला गेले तेव्हा ‘तुझ्याच गोष्टीवर आहे’ एवढंच सांगितलं होतं.

“उघडत नाही? कोणं सांगतलं तुले?”

“बाबांनी, आजी. तुमच्याच गोष्टीत उघडत नाही म्हणायचे.”

जनकामाय उठली आणि घरी गेली. जाताना सुनेला सांगून त्या नटासाठी चहा मात्र पाठवून दिला.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं होतं ती चिडली असेल, पण तसं नव्हतं.

“परतिमा, मी लेकराईले अशी गोष्ट सांगत होती का व? जित्या जीवाले पाण्यात उभं ठेवून?”

मग तिने मला मोजून दाखवलं की ही गोष्ट कोणाकोणाला सांगितली. आम्ही दोघं, आळीतली पोरं, तिची चार मुलं, नातवंडं, आता पणतू. यातल्या प्रत्येकाला वाटत असेल का, की कावया बाहेरच राहिला? रमाकांतला वाटलं, तर सगळ्यांनाच वाटत असणार. लेकरं झोपावीत म्हणून सांगितलेली गोष्ट, आणि त्या पोरीला झोप नाही आली म्हणते. ती म्हणाली की दार उघडायचंच, तिला पक्कं माहीत आहे, आणि रेवतीचा सिनेमा तसा होणार असेल तरच ती बोलेल. नाहीतर दुसरी म्हातारी शोधा, धाडात कमी नाहीत.

रेवतीला मी हे सांगितलं तेव्हा ती पायऱ्यांवर बसून चिखल लागलेले बूट काठीने खरवडत होती. तिचंही म्हणणं मला चूक वाटलं नाही. दार उघडलं तर सिनेमाच राहत नाही, असं ती म्हणाली. दुसऱ्या म्हातारीला लिहून दिलेलं वाचता येईल, पण बाबांनी जी गोष्ट ऐकली ती तिच्याजवळ नसेल.

दोघींनी निकाल माझ्यावर टाकला. मी एवढंच सुचवलं की जनकामायने तेव्हा जशी सांगितली तशीच आता पहिल्यापासून सांगावी, मध्ये कोणी बोलू नये, आणि जो शेवट येईल तो दोघींनी मान्य करावा. दोघीही लगेच हो म्हणाल्या, कारण दोघींनाही खात्री होती.

ध्वनिमुद्रण इंद्रभानच्या मधल्या खोलीत दुपारी ठेवलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या. कोंबड्या झाकल्या, पंखा बंद केला. सोहम नावाचा मुलगा यंत्र सांभाळत होता. त्याने सगळ्यांना हात जोडून सांगितलं की आता कोणीही, काहीही झालं तरी, तोंडातून आवाज काढायचा नाही.

जनकामायने सुरुवात केली. एक होता कावया. एवढं म्हणून ती थांबली. सोहमने पुढे सांगा अशी खूण केली. ती म्हणाली, एक होती चिमणी, आणि पुन्हा थांबली. खोलीत कोणी हलत नव्हतं. तिने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेकदा बघितलं.

“झोपले का बे सारे?”

सोहमने यंत्र बंद केलं. मी त्याला हूंचा नियम समजावून सांगितला. तो म्हणाला, ताई, मान हलवली तर? मी जनकामायला विचारलं. ती म्हणाली, “मुंडी हालवून काय होते? मी काय बहिऱ्याले सांगून राह्यली का?” बाहेर इंद्रभान हसला तेही यंत्रात गेलं. शेवटी सोहमने एक माइक माझ्यासमोर ठेवला, आणि रमाकांतचं काम आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे आलं.

माझा पहिला हूं फारच हळू आला. जनकामाय म्हणाली, जेवली नाहीस का. दुसरा बरा आला. मग गोष्ट चालायला लागली.

आवाज म्हातारा झाला होता, पण चाल तीच होती. शेणाचं घर वाहून गेलं तिथे ती पूर्वीसारखीच जरा खाली वाकली. कावया भिजत आला. चिमणी म्हणाली थांब, मी बायाले न्हाऊ घालून राह्यली; कावळ्याचा कावया, तसा बाळाचा बाया. हूं. थांब, बायाचं अंग पुसून राह्यली. हूं. काजळ घातलं, दूध पाजलं, झोळीत टाकलं. इथपर्यंतचं सगळं मला पाठ होतं, शब्दांच्या मधल्या जागाही. माझ्या डोळ्यांसमोर शेंगांची टरफलं होती.

त्यापुढे मात्र मला काहीच ओळखीचं लागेना. चिमणी घर झाडायला लागली. हूं. चूल सारवायला लागली. हूं. ज्वारी निवडायला बसली, मग दळायला, मग वाती वळायला. दर हूंनंतर जनकामाय किंचित थांबायची आणि माझ्याकडे बघायची. वाक्यं लहान होत चालली. चिमणीने गाडगी घासली. हूं. पुन्हा घासली. हूं. रेवती कानांवर यंत्र लावून डोळे मिटून बसली होती.

जनकामायने हात मांडीवर ठेवले. “तू झोपून काऊन नाही राह्यली व, परतिमा?”

कोणी हसलं नाही. ती माझ्याकडे खरंच उत्तरासाठी बघत होती.

“याच्या पुढं मले कामच नाही पडलं,” ती हळू म्हणाली. “रमाकांत बायाच्या झोळीपाशी झोपे. बाकीचे त त्याच्याही आधी. मले माह्या मायनं सांगतली तवा मले बी झोप लागून जाये.” मग एकदम पुढे झुकली. “पर उघडत होतं ना व? तुले आठवत असन. तू त शिकेल हाये.”

हो म्हणणं सोपं होतं. ऐंशीच्या घरातल्या बाईला तेवढंच हवं होतं, आणि रेवतीलाही ते मान्य करावं लागलं असतं, कारण तसं ठरलं होतं. पण जे पाहिलं नाही ते पाहिलं असं लिहू नका, हे मी मुलांना प्रयोगशाळेत तीस वर्षं सांगत आले होते.

“मला माहीत नाही, जनकामाय. आम्ही दोघंही झोपायचो. उघडलेलं ऐकलं नाही, आणि उघडलं नाही असंही ऐकलं नाही.”

ती मागे टेकली. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. इतकी वर्षं आपल्या घरात एक वस्तू आहे असं धरून चालावं आणि मागितल्यावर हात रिकामा बाहेर यावा, तसा.

रेवतीला जे हवं होतं ते तिच्याकडे आलं होतं. गोष्ट जशी सांगितली जायची तशी सांगून झाली होती आणि दार उघडलेलं नव्हतं. ती आता उठून आभार मानेल असं मला वाटलं. तिने कानांवरचं यंत्र काढलं, ते मांडीवर ठेवलं आणि काही वेळ त्याची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

“आजी, बाबा तर मला सांगता सांगता स्वतःच झोपायचे,” ती म्हणाली. “मी त्यांना हलवून विचारायची, पुढे काय, पुढे काय. मग ते तसेच डोळे मिटून म्हणायचे, उघडतच नाही, झोप आता.”

जनकामायच्या तोंडावर जरासं हसू आलं. “तसाच होता तो. हूं म्हणता म्हणता घोरे.”

रेवती जमिनीवरून सरकत माझ्या शेजारी आली आणि माइक आपल्याकडे ओढला. “मी जागी आहे. सांगा पुढचं.”

“मले येत नाही ना पोरी.”

“तरी सांगा.”

गोधड्यांमुळे खोलीत उकडत होतं. जनकामायने पदराने मान पुसली. सोहमने प्रश्नार्थक हात वर केला, रेवतीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

“मंग चिमणीचं सारं काम सरलं,” जनकामाय म्हणाली.

“हूं.”

“करायले काहीच नाही राह्यलं. तिनं हात पुसले. कडी काढली.”

“हूं.”

“कावया होता अजून. गच्च वला झाला होता. ती म्हणे, ये, बस.”

“हूं.”

“मंग तिनं चहा मांडला.”

रेवतीचा हूं यायला वेळ लागला. तो आला तेव्हा नीट उमटला नाही. तिने विचारलं, झालं? जनकामाय म्हणाली, झालं, आता त्या कोंबड्या सोडा.

पुण्याला निघताना रेवती मला चिखलीच्या स्टँडवर म्हणाली की काय करायचं ते तिला कळत नाही. चित्रात दार बंद आहे. शेखर आपल्या कामाला लागला, तुषार संच हरभऱ्यात परत गेला, आता काही ते दार उघडत नाही. आणि ठरल्याप्रमाणे बघितलं तर पहिल्या वेळी जिथे गोष्ट थांबली तोच शेवट. बाकीचं कापलं तर कोणी तिला चूक म्हणणार नाही. मी त्यावर मत दिलं नाही. तिनेही मागितलं नाही. पुढच्या महिन्यांत जनकामायने दोनदा फोन करवून माझ्याकडे चौकशी केली, तिचा चहा सिनेमात राहिला का. मी सांगितलं, ठाऊक नाही.

सिनेमा दिवाळीनंतर चिखलीत दाखवला, एका शाळेच्या सभागृहात. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. इंद्रभानने जनकामायला जीपमधून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मी तिच्या शेजारी होते. रेवती मागे यंत्रापाशी उभी होती.

मला सिनेमातलं फारसं कळत नाही. पण ते घर, तो पाऊस आणि भिंतीवरून उतरणारं पाणी बघताना अंगावर काटा आला हे खरं. चित्र काळोखं होतं आणि आवाज मायेचा होता, आणि ते दोन्ही एकमेकांशी भांडत होते. दर वाक्यानंतर माझा हूं यायचा. त्या काळोखात तो ऐकताना मला तो माझा वाटला नाही, बराच लहान वाटला.

चिमणीने गाडगी पुन्हा घासली. पडद्यावर उजाडायला लागलं. शेखर दाराला टेकून बसला होता, मान एका बाजूला, ओठ काळे. आवाज थांबला. इथे संपणार असं मला वाटलं. शेजारी जनकामायचा श्वास ऐकू येत होता.

मग तिचा आवाज परत आला. चिमणीचं सारं काम सरलं. पडद्यावर तेच बंद दार होतं, तोच माणूस. हूं, आता रेवतीचा. तिनं कडी काढली. दार बंदच. ये, बस, म्हणे. त्या माणसाच्या सदऱ्यावरून एक थेंब ओघळला. मंग तिनं चहा मांडला. त्यानंतर तो उशिरा आलेला, न उमटलेला हूं तसाच ठेवला होता, आणि अंधार झाला.

टाळ्या जरा वेळाने वाजल्या. बाहेर येताना एक गुरुजी म्हणाले की पोरांच्या गोष्टीचं हे काय करून ठेवलं. दोन कॉलेजच्या मुली डोळे पुसत होत्या आणि एकमेकींना हसत होत्या. रेवती जीपपाशी आली आणि जनकामायच्या पाया पडली.

“तुह्या कावयाले तू लय भिजवलं बाई,” जनकामाय म्हणाली. “माह्या कावयाले चहा भेटला.”

“हो, आजी.”

“तो माणूस कुठं हाये? बरा हाये ना तो?”

रेवतीने सांगितलं की शेखर बुलढाण्यात आहे, तेव्हा त्याला ताप आला होता पण आता ठणठणीत आहे. जनकामायची तेवढ्याने खात्री पटली नाही. त्याला एकदा धाडला घेऊन ये, मले पाह्यचा हाये, असं तिने दोनदा बजावलं. इंद्रभानने जीप चालू केली.

ती वळून बाजाराच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो. मग सतरंज्या काढायला आत गेलो. एक टोक माझ्या हातात देत रेवती म्हणाली, “चहाचं मला कधीच सुचलं नसतं.”

मी म्हटलं, त्या दुपारपर्यंत तिलाही सुचलं नव्हतं.